गिट प्रणालीतील ‘-एस’ व ‘-जी’ हे शोधपर्याय : मार्कंडा येथील नोंदीच्या आधारे स्पष्टीकरण

प्रस्तावना :
संहितेत झालेला प्रत्येक बदल जतन करणारी गिट ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये निर्माण केली. एखादा शब्द संहितेत केव्हा आला अथवा केव्हा गेला, हे शोधण्यासाठी तिच्या ‘लॉग’ या आज्ञेत ‘-एस’ व ‘-जी’ असे दोन पर्याय आहेत. दोहोंचे कार्य वरकरणी समान भासते. त्यामुळे अभ्यासकाचा निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो. 2013 मध्ये गिटच्या दस्तऐवजात हा भेद उदाहरणासह स्पष्ट करण्यात आला. प्रस्तुत लेखात तोच भेद स्थानिक उदाहरणाने मांडला आहे.

उदाहरण :
वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा हे देवालयस्थान पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होते. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आल्यावर ते नव्या जिल्ह्यात गेले. समजा, जुन्या ग्रंथावरून तयार केलेल्या संगणकीय सूचीत ‘मार्कंडा, जिल्हा चंद्रपूर’ अशी एकच ओळ आहे आणि नंतर ती ‘मार्कंडा, जिल्हा गडचिरोली’ अशी दुरुस्त केली.

विवेचन :
‘-एस’ हा पर्याय प्रत्येक फाईलमध्ये शब्द किती वेळा येतो, याची बदलापूर्वीची व नंतरची संख्या ताडून पाहतो. ‘मार्कंडा’ आधी एकदा होता, नंतरही एकदाच आहे. म्हणून ही दुरुस्ती दिसत नाही. ‘चंद्रपूर’ शोधल्यास मात्र संख्या एकावरून शून्यावर आल्याने ती दिसते. ‘-जी’ हा पर्याय काढलेल्या वा घातलेल्या ओळींत शब्द आहे काय, एवढेच पाहतो; म्हणून ‘मार्कंडा’ शोधूनही दुरुस्ती सापडते. त्याच फाईलमध्ये ओळ केवळ वरखाली हलविली, तरी हाच फरक पडतो.

मराठीपुरती आणखी एक दक्षता आवश्यक आहे. ‘मार्कंडा’ व ‘मार्कण्डा’ ही संगणकाच्या लेखी भिन्न अक्षरमाला होत. ‘मार्कंड्याच्या’ या सामान्यरूपातही ‘मार्कंडा’ सापडत नाही. ‘-एस’ मूलतः शब्दशः शोध घेतो. ‘-जी’ला मात्र पर्यायी रूपे एकत्र सांगणारा आकृतिबंध देता येतो.

निष्कर्ष :
शब्दाचा प्रवेश वा लोप शोधावयाचा असल्यास ‘-एस’ आणि त्या शब्दाच्या ओळीतील प्रत्येक फेरफार पाहावयाचा असल्यास ‘-जी’ वापरावा. ‘-एस’ने काही न दिसणे म्हणजे नोंद बदललीच नाही, असे अनुमान काढणे योग्य ठरणार नाही.