चावडीवरची राखण
मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. महाजालावरील समुदाय कशाने टिकतो, हे तिथल्या नित्य व्यवहारात पाहता येते. लेख कोणीही संपादावा, मात्र पडताळता येईल तेच लिहावे, हा नियम ठाम आहे. 'अलीकडील बदल' हे पान नेमाने चाळणारे मोजके सदस्य खोडसाळ मजकूर विनामोबदला काढून टाकतात. ही झाडलोट वाचकांच्या नजरेस क्वचितच पडते. खरी कसोटी लागते ती नवख्याच्या पहिल्या चुकीपाशी. संदर्भाविना लिहिलेला त्याचा परिच्छेद मुकाट्याने उडवला, तर तो बहुधा परतत नाही. चर्चापानावर दोन ओळींत कारण सांगितले, तर तो संदर्भ शोधून पुन्हा येण्याची शक्यता उरते. मतभेद वाढलाच, तर सर्वांसमोर बोलायला 'चावडी' नावाचे पान आहेच.