एकर : वावरापासून मापापर्यंत

लोणार तालुक्यातल्या बीबीत किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात ‘वावर किती?’ असं विचारलं, की उत्तर एकरात येतं. त्याच वावराच्या सातबाऱ्यावर मात्र एकर नावालाही सापडत नाही. तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. किलो-लिटरने शेर-पायलीला बाजारातून घालवलं, पण हेक्टरला एकर हटवता आला नाही. त्याचं खापर सवयीवर नाहीतर अडाणीपणावर फोडून लोक मोकळे होतात. शेर-पायलीचीही लोकांना सवय होतीच की. ती मग सुटली कशी? खरी गोष्ट अशी, की एकर हा मुळात मापाचा शब्द नव्हताच. तो शेताचा शब्द होता, मग कामाचा झाला आणि माप त्याच्यावर सर्वांत शेवटी बसवलं गेलं. हा क्रम ध्यानात घेतला, तर तो का टिकला हे कळतं आणि त्याच्याभोवतीचे गैरसमजही सुटतात.

गैरसमज १ : ‘एकर’ हा ‘एक’वरून आलेला आपलाच शब्द आहे.

तसं वाटावं इतका तो मराठीत मुरला आहे. एकरी उतारा, एकरभर हरभरा, दोन एकरांत तूर, अशी त्याची रूपं कानाला परकी वाटत नाहीत. पण शब्द इंग्रजी आहे आणि वऱ्हाडात तो जमीनमोजणीबरोबर रुजला. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि १८६०च्या दशकात तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. ‘एक’शी त्याचा संबंध नसला, तरी संस्कृतशी मात्र दूरचं नातं आहे. वेदांतला ‘अज्र’, लॅटिनमधला ‘आगेर’, जर्मनमधला ‘आकर’ आणि जुन्या इंग्रजीतला एकर ही भाषाशास्त्राच्या हिशेबाने एकाच मुळाची भावंडं, आणि सगळ्यांचा अर्थ शेत किंवा मोकळं रान. जुन्या इंग्रजीत या शब्दात आकार नव्हता. वऱ्हाडीत ‘वावर’ म्हणतात तसाच तो होता: ‘माझं वावर’ म्हटल्यावर ते कुणाचं हे कळतं, किती हे कळत नाही. इंग्रजीत दफनभूमीला ‘देवाचा एकर’ म्हणतात, तेही जर्मन शब्दावरून. ती दफनभूमी एकरभरच असते असं नाही. तिथे शेत हा जुना अर्थ शिल्लक राहिला आहे.

गैरसमज २ : एकर म्हणजे पहिल्यापासून ठरलेलं क्षेत्रफळ.

शेताचा शब्द मापाचा झाला तो बैलांमुळे. एका बैलजोताने दिवसभरात जेवढं रान नांगरावं, तेवढा एकर, अशी समजूत मध्ययुगीन इंग्लंडमध्ये रूढ झाली. ही मागाहून रचलेली दंतकथा असेल, असा आक्षेप घेता येईल. पण पुरावा एकट्या इंग्लंडचा नाही. रोमनांचं जमिनीचं माप ‘युगेरुम’ जोखडाच्या शब्दावरून पडलं आणि एक जोडी दिवसात नांगरते तेवढी जमीन असं त्याचं वर्णन प्लिनीने केलं आहे. जर्मन प्रदेशात जमिनीच्या दोन मापांची नावंच ‘सकाळ’ आणि ‘दिवसाचं काम’ अशी होती. दुसरा पुरावा एकराच्या ठेवणीत आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडच्या कायद्यात त्याची मोजणी पक्की झाली ती ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद अशी. इतकी लांबोडी पट्टी कशासाठी? जड नांगर ओढणारी जनावरं वळवणं हे नांगरटीतलं सर्वांत जिकिरीचं काम, म्हणून नांगराचं तास जितकं लांब तितकं बरं. या ६६० फुटांचं नाव फर्लांग. आपण ‘फर्लांगभर अंतर’ म्हणतो, त्याचा मूळ अर्थ नांगराच्या एका तासाची लांबी. आणि रुंदीचे ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीएवढे.

कायदा झाला तरी एकर सगळीकडे एक झाला नाही. इंग्लंडच्या सरकारी एकरात ४,८४० चौरस यार्ड, आयर्लंडच्या एकरात ७,८४०, तर चेशायर परगण्यातल्या एकरात १०,२४०, म्हणजे दुपटीहून जास्त. ब्रिटिश साम्राज्यभर एकच मापं असावीत असा कायदा व्हायला १८२४ साल उजाडलं. यात इंग्रजांचाच काही विशेष नव्हता. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची, अशा वीस काठ्या लांब-रुंद जमीन म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. माणसाच्या हाताने आणि मुठीने सुरुवात करून राज्य ते माप पक्कं करतं. एकराच्या बाबतीत सुरुवात बैलाच्या पायांनी झाली, एवढाच फरक.

गैरसमज ३ : गुंठा आपला, एकर साहेबाचा.

शब्दापुरतं हे खरं आहे. ‘गुंठा’ हा दख्खनेतला जुना शब्द आहे. पण आज आपण ज्याला गुंठा म्हणतो, त्याचा आकार एकराच्या पोटात बसावा असाच बेतलेला आहे. १६२०च्या सुमारास एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली, कारण अशा दहा चौरस साखळ्यांचा नेमका एक एकर होतो. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. आणि असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, एक एकर. गुंठ्याचे पुन्हा सोळा आणे पाडले, म्हणजे रुपयाचा हिशेब जमिनीला लावला. आज प्लॉटच्या जाहिरातीत गुंठा अस्सल देशी वाटतो खरा, पण त्याची प्रत्येक बाजू अर्ध्या खेळपट्टीएवढी भरते. देशी नाव आणि विलायती मोजमाप यांचा तो जोड आहे.

गैरसमज ४ : आर म्हणजे गुंठा आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर.

हा गैरसमज खिशाला लागतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७. फरक किरकोळ दिसतो, पण हेक्टर अडीच नव्हे तर २.४७१ एकरांचा असतो. हेक्टरमागे गुंठ्याहून थोडी जास्त, साडेबाराशे चौरस फुटांच्या घरात तफावत पडते. दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेला शेतकरी अल्पभूधारक, म्हणून ‘पाच एकरांच्या आत’ असं सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात पुरते पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर, म्हणजे मर्यादेच्या किंचित बाहेर. याहून मोठी फसगत टिंबाची आहे. सातबाऱ्यावर १.२० दिसलं की जुन्या वळणाचा माणूस एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर वाचतो. पण ते एक हेक्टर वीस आर असतात, म्हणजे जवळजवळ तीन एकर. एकरातलं टिंब चाळीस गुंठ्यांवर उलटतं, हेक्टरातलं शंभर आरांवर. व्यवहाराच्या वेळी हा घोळ झाला, तर निम्म्या जमिनीची गफलत होते.

मग एकर सोडूनच का देऊ नये, हा रास्त प्रश्न आहे. खरेदीखत, मोजणी, अनुदान, पीकविमा या ठिकाणी हेक्टरशिवाय बोलू नये, हे मान्यच आहे. पण हेक्टर सोपा आहे तो कागदावर. शेतातलं काम त्याच्या बेताने चालत नाही. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग एका एकराच्या हिशेबाने आली, बीटी कपाशीचं पाकीटही एका एकराचंच. ट्रॅक्टरने दिवसाची नांगरट तासावर आणली, तर एकराला अर्थ उरायला नको होता. उलट नांगरटीचा, पेरणीचा, काढणीचा भाव आज एकरावरच ठरतो. मजुरांचा गुत्ता एकरावर आणि उताराही एकरीच विचारला जातो. म्हणजे दिवसाच्या कामाचं माप हा जुना अर्थ मेला नाही. बैलाऐवजी बॅग, यंत्र आणि मजुरी त्याच्यामागे उभी राहिली. एका माणसाला एका दमात डोक्यात धरता येईल एवढं काम आणि एवढा खर्च, हे एकराचं बळ आहे. हेक्टर दहा हजार चौरस मीटरांचा आहे, पण त्याला असं कुठलं काम चिकटलेलं नाही.

एकर म्हणजे नुसतं क्षेत्रफळ नव्हे, हे सरकारनेही मान्य केलेलं आहे. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात १९७५नंतर कुटुंबाची मर्यादा बारमाही ओलिताच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर अशी ठरली. भूमितीत १८ आणि ५४ कधी सारखे होणार नाहीत, पण पिकाच्या आणि पोटाच्या हिशेबात कायद्याने ते सारखे धरले. बीबीच्या परिसरात काळ्या कसदार रानाचा एकर आणि मुरमाड उताराचा एकर यांची कुणी एका दमात तुलना करत नाही, तेही याच समजुतीतून. तेव्हा एकर बोलण्यातून काढायचं कारण नाही. सातबाऱ्याचा उतारा हातात आल्यावर टिंबाच्या उजवीकडचा आकडा शंभरातला आहे की चाळिसातला, एवढं आधी पाहून घ्यावं आणि मगच भावाचं बोलावं.