तबकडीत न आलेला ढोल

लग्नाच्या वरातीपुढे बँड वाजताना आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. क्लॅरोनेट वर चढते, ट्रंपेट चाल धरतो आणि मोठ्या ढोलाचा ठोका कानाच्या आधी छातीत लागतो. आता अशी कल्पना करा, की या बँडमधून नेमका तो ढोलच वगळला आणि बाकीचे वादन जपून ठेवले. पुढे वीस वर्षांनी कुणी हौशी मंडळींनी ते ऐकून बँड उभारला. तो जुन्यासारखा होईल का? अमेरिकेत जॅझ संगीताच्या बाबतीत काहीसे असेच घडले. त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीवरचे बंदर. गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रो लोकांची मुले तिथे मिरवणुकीत वाजवत, नाचाच्या दिवाणखान्यात वाजवत आणि प्रेतयात्रेतही वाजवत. तिथेच जॅझ वाढले. त्याची मुख्य खूण अशी, की कर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ म्हणा, मूळ चाल धरतो; क्लॅरोनेट तिच्यावरून वेलबुट्टी काढते; ट्रॉम्बोन खालून हुंकार देतो. तिघेही एकाच वेळी, बरेचसे आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात आणि तरी एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. हे कागदावर लिहून येत नाही. शेजाऱ्याचे ऐकत वाजवायचे असते.

या परंपरेतला मोठा कर्नेटवादक जो ऑलिव्हर. लोक त्याला 'किंग', म्हणजे राजाच म्हणत. तो शिकागोला गेला आणि दुसरा कर्नेट वाजवायला त्याने न्यू ऑर्लिन्सहून एका तरुणाला बोलावून घेतले. तो तरुण म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. (आपल्याकडे १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या गाण्यांना ज्याच्या ट्रंपेटची साथ आहे, तो गोव्याचा चिक चॉकलेट याच आर्मस्ट्राँगचा चाहता होता.) एप्रिल १९२३ मध्ये ऑलिव्हरचा ताफा इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीकडे ध्वनिमुद्रणाला गेला. पियानोच्या कारखान्याच्या आवारातली ती खोली, आणि शेजारून रेल्वेचा रूळ! गाडी आली की काम थांबवायचे.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहत. आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले, पडद्याबरोबर सुई हले आणि सुई मेणाच्या तबकडीत रेघ कोरी. सगळी किमया हवेच्या धक्क्याची. मग मोठ्या ढोलाचा दणका बसला तर? सुई रेघेबाहेर उडायची. म्हणून ढोलवाल्या बेबी डॉड्सला मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यावर टकटक करावी लागली. बिल जॉन्सन नाचघरात उभा बास, म्हणजे माणसाएवढे तंतुवाद्य वाजवी. इथे त्याच्या हाती बँजो आला. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत, की त्याला म्हणे पार मागे उभे केले. पियानो वाजवणारी लिल हार्डिन ही आठवण सांगत असे. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केले. शिवाय तबकडी तीन मिनिटांची. नाचघरात नाचणाऱ्यांचे पाय थकेपर्यंत चालणारी चाल तीन मिनिटांत गुंडाळायची.

म्हणजे तबकडीवर उतरले ते त्या बँडचे वादन खरे, पण कर्ण्याला झेपेल तेवढेच.

पुढे काळ पालटला. १९२५ पासून विजेचे ध्वनिमुद्रण आले, मोठे लिहून वाजवणारे स्विंग बँड आले आणि ऑलिव्हर मागे पडला. दात गेले, काम गेले. जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हाना गावी तो फळे विकत होता. १९३८ मध्ये तो तिथेच वारला.

आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्स नावाच्या गोऱ्या ट्रंपेटवादकाने 'येर्बा ब्वेना जॅझ बँड' उभा केला. मोठ्या बँडच्या ठराविक वाजवण्याला तो विटला होता. ऑलिव्हरसारखे दोन कर्नेट, शिवाय बँजो, ट्युबा, आणि ट्रॉम्बोनवर टर्क मर्फी. डॉन क्लब या ठिकाणी तरुणांची गर्दी लोटू लागली. डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरली त्याच महिन्यात, त्यांच्या पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या. विस्मरणात गेलेल्या चाली त्यात पुन्हा वाजल्या. वॉली रोझने पियानोवर वाजवलेल्या रॅगटाइमने तर लोकांना वेड लावले.

या तबकड्या मला आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. त्यांत जोम आहे, आदर आहे. पण या मंडळींचा मुख्य गुरू कोण? जुनी तबकडी! तिच्यातून त्यांनी चाली घेतल्या, तशी तिची उणीवही थोडी घेतली. बँजो आणि ट्युबा ठणठणीत पुढे, ढोल मात्र मागे आणि हलका. १९४१ साली मायक्रोफोन होता. ढोल घ्यायला सुईची हरकत नव्हती. तरी कानाला जी सवय लागली तीच 'जुनी पद्धत' ठरली. पुढच्या कित्येक हौशी बँडांमध्ये लाकडी ठोकळ्याची टकटक भक्तिभावाने वाजवली गेली. ती मुळात अडचण होती, हे विसरायला झाले.

आपल्याकडे भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि घर सोडले. पण कशासाठी? गुरू शोधायला. अखेर ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी राहिले. तबकडी त्यांना दारापर्यंत घेऊन गेली. आत बसवले गुरूने.

अमेरिकेतही काही जण माणसे शोधत निघाले. न्यू आयबेरिया या लहानशा गावात त्यांना म्हातारा बंक जॉन्सन सापडला. ट्रंपेट नाही, तोंडात दात नाहीत. त्याला कवळी करून दिली, वाद्य मिळवून दिले आणि जून १९४२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याचे वादन मुद्रित केले. गंमत अशी, की रसिकांना त्याच्याकडून जुन्या चाली हव्या आणि बंकला आवड नव्या सिनेमा-नाटकांतल्या गाण्यांची! त्याच्या लेखी तो काही जुन्या काळाचा रखवालदार नव्हता, वाजवणारा होता.

१९४४ च्या उन्हाळ्यात विल्यम रसेल या अभ्यासकाने न्यू ऑर्लिन्सच्या सॅन हसिन्टो हॉलमध्ये बंकचा ताफा मुद्रित केला. ढोलावर होता बेबी डॉड्स. तोच, एकवीस वर्षांपूर्वी कर्ण्यापुढे ठोकळ्यावर टकटक करणारा. या वेळी त्याच्यापुढे त्याचा सगळा साज होता.

शिक्षकबंधूंना सुचवावेसे वाटते, की शक्य झाल्यास ही तिन्ही ध्वनिमुद्रणे मुलांना ओळीने ऐकवा. आज ती मिळवणे अवघड नाही. आधी १९२३ चे ऑलिव्हर, मग १९४१ चे वॉटर्स, शेवटी १९४४ चे बंक. काही समजावून सांगू नका. मोठा ढोल कुठे ऐकू आला, एवढेच विचारा.