जयपूरचा ज्ञानसेतू

नदीच्या दोन्ही तीरांवर वस्ती असते, शेती असते, देवळे असतात. तथापि मध्ये पूल नसेल तर ते दोन निराळे मुलूख ठरतात. पूल झाला की एका तीरावरचा बाजार दुसऱ्या तीराचाही होतो, सोयरिकी पलीकडच्या गावांत जुळू लागतात, आणि कालांतराने दोन्हीकडची बोलीही एकमेकींत मिसळते. पुलांचा हा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांच्या रचनेतील एक तत्त्व मात्र सहसा ध्यानात येत नाही. दगडी कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटीत असतो. माथ्यावरचा कळीचा दगड बसला की सारा भार कमानीच्या वळणावाटे दोन्ही बाजूंच्या पायांकडे उतरतो. कमान उभी राहते ती या दोन पायांच्या बळावर. त्यांपैकी एक खचला तर दुसरा कितीही भक्कम असून उपयोग होत नाही.

भाषांतर, शिष्टाई, विद्येची देवघेव हेही समाजांना जोडणारे पूलच होत. ते दिसत नाहीत, परंतु त्यांनाही हाच नियम लागू पडतो. याचे एक बोलके उदाहरण जयपूरच्या इतिहासात सापडते. जयपूर हे काही नदीवरील पुलांसाठी नावाजलेले शहर नव्हे. पण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जो ज्ञानसेतू बांधला गेला, त्याची कमान ग्रीस, अरबस्तान, इराण आणि भारत यांवरून पसरलेली होती. आणि तिचा एक प्रमुख कारागीर, परंपरेनुसार, महाराष्ट्रीय ब्राह्मण होता.

सवाई जयसिंह आणि त्याचे पंडित

आमेरचा राजा सवाई जयसिंह (१६८८-१७४३) याने १७२७ मध्ये जयपूर नगर वसविले. त्याला ज्योतिषाचा विलक्षण नाद होता. ग्रहांची गणिताने काढलेली स्थाने आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडते, हे त्याच्या लक्षात आले होते. म्हणून त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. पितळी यंत्रांत लहान आकारामुळे व झिजेमुळे चुका राहतात, म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतक्या, सुमारे २७ अंशांच्या कोनात आहे. या कडेची सावली बाजूच्या चापावर दर मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते, त्यामुळे दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजता येतो.

यंत्रांइतकीच जयसिंहाला ग्रंथांची गरज होती. समरकंद येथील उलुगबेगाची वेधशाळा त्याच्यापुढे आदर्श म्हणून होती. परंतु त्या परंपरेचे ग्रंथ अरबी व फारसी भाषांत होते, आणि भारतीय ज्योतिषी संस्कृतात विचार करीत. या दोन तीरांमध्ये पूल बांधण्याचे काम ज्यांनी केले त्यांत जगन्नाथ पंडित अग्रगण्य होय. तो ‘सम्राट’ या पदवीने ओळखला जातो.

जगन्नाथाने युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे ‘सिद्धांतसम्राट’ या नावाने संस्कृतात रूपांतर केले. दोन्ही मूळ ग्रंथ ग्रीक; अब्बासी खलिफांच्या काळात ते अरबीत उतरले; तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी या इराणी विद्वानाने त्यांच्या शुद्ध अरबी आवृत्त्या सिद्ध केल्या; आणि त्या आवृत्त्यांवरून जगन्नाथाने आपले काम केले. अलेक्झांड्रियाहून निघालेली विद्या जयपुरास पोहोचली ती अशी टप्प्याटप्प्याने.

भारतीय गणितात भूमितीचे सिद्धांत नव्हते असे नाही. ते पुष्कळ होते व अचूक होते. नवीन होती ती मांडणी. मोजक्या व्याख्या आणि गृहीते यांपासून आरंभ करून एकेक प्रमेय आधीच्या प्रमेयांवर उभे करीत जाणे, ही युक्लिडची रीत होय. ‘रेखागणिता’चे पंधरा अध्याय या रीतीने चालतात. त्यातील प्रमेयाला जगन्नाथाने ‘शकल’ म्हटले. अरबीत ‘शक्ल’ म्हणजे आकृती. संस्कृतात ‘शकल’ म्हणजे तुकडा. एकच ध्वनी दोन्ही तीरांवर सार्थ ठरावा, अशी ही योजना दिसते. त्याच अरबी शब्दापासून मराठीला ‘शक्कल’ मिळाली आहे.

तथापि या पुलाच्या बांधणीत एक विसंगतीही आहे. ‘सिद्धांतसम्राटा’त मूळ ग्रंथ अरबीतला असून त्याचे नाव ‘मिजास्ति’ असल्याचे जगन्नाथ मोकळेपणाने सांगतो. ‘रेखागणिता’च्या आरंभी मात्र हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, पुढे ते लुप्त झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आले, असे तो म्हणतो. युक्लिडचे नाव तेथे येत नाही. परकी विद्या आपल्या पंडितांना सहज ग्राह्य व्हावी, हा हेतू त्यामागे असू शकेल. परंतु पलीकडचा तीरच झाकला, तर त्या दिशेने आणखी पुढे जाण्याची जिज्ञासाही मंदावते.

अपुरी राहिलेली वाट

जयसिंहाची स्वतःची जिज्ञासा मंदावली नव्हती. १७२७ मध्ये त्याने जेझुइट पाद्री मॅन्युएल द फिगेरेदो याच्यासमवेत पोर्तुगालला एक मंडळ पाठविले. ते १७३० मध्ये गोव्यास परतले. त्यांच्याद्वारे ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टके जयपुरास आली. त्यांवरून काढलेल्या चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आहे, असे जयसिंहाला वेधांवरून आढळले. १७३४ मध्ये चंद्रनगरहून दोन फ्रेंच जेझुइट जयपुरास येऊन गेले. परंतु कोपर्निकसचा १५४३ चा आणि न्यूटनचा १६८७ चा ग्रंथ युरोपात प्रसिद्ध झालेला असूनही, त्यांतील विचार जयपूरच्या वेधशाळेच्या पायाशी पोहोचले नाहीत. वाट होती, पण तिच्यावरून जे यावयास हवे होते ते आले नाही.

याच काळात जयसिंह आणखी एक पूल राखीत होता. मोगल बादशहा आणि मराठे यांच्यामधील तो मध्यस्थ होता. १७३५ मध्ये बाजीरावाची मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस गेली असता तिचा जयपुरात सन्मान झाला. १७४१ मध्ये जयसिंहाच्या मध्यस्थीने बाळाजी बाजीरावास माळव्याच्या नायब-सुभेदारीची सनद मिळाली.

परंतु दोन्ही पुलांचा भार एकाच व्यक्तीवर होता. १७४३ मध्ये जयसिंह मरण पावला, आणि गादीसाठी त्याच्या मुलांत सुरू झालेल्या तंट्यात मराठे पडले. खंडणीच्या तगाद्याने ग्रासलेल्या ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात आत्मघात केला. आणि १० जानेवारी १७५१ रोजी जयपूर शहरात आलेल्या मराठ्यांची मोठ्या संख्येने कत्तल झाली. जेथे पेशव्यांच्या मातोश्रीचे आदरातिथ्य झाले होते, तेथेच सोळा वर्षांच्या आत हे घडले.

ज्ञानसेतूची गती निराळी झाली. तो कोसळला नाही, ओस पडला. जयसिंहाने वेधशाळा बांधल्या, पंडित जमविले, पण वेध घेण्याचे व ग्रंथ शिकविण्याचे काम त्याच्यामागे अखंड चालवील अशी संस्था उभी राहिली नाही. ‘रेखागणित’ हस्तलिखितांत पडून राहिले. पुढे १९०१-०२ मध्ये कमलाशंकर त्रिवेदी यांनी संपादिलेला तो ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. याच सुमारास जयपूरच्या यंत्रांचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कामात पुढे ‘उसने कहा था’ या कथेने कीर्ती पावलेले चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा सहभाग होता. २०१० मध्ये ही वेधशाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला व दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या, तेव्हा जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न एकाएकी सर्वांच्या तोंडी झाला. दगडी पुलाची उपेक्षा अशी एका रात्रीत उघडी पडते. भाषांतराच्या पुलाची उपेक्षा कोणाला ऐकू येत नाही. एखाद्या भाषेत नवे ग्रंथ येईनासे होतात, आलेले वाचले जात नाहीत, आणि दोन तीर पूर्ववत् दूर होतात. जगन्नाथाने बांधलेली कमान भक्कम होती म्हणून तिचे दगड दीडशेहून अधिक वर्षांनंतरही जागच्या जागी सापडले. तिच्यावरून पिढ्यान् पिढ्या ये-जा सुरू ठेवणे हे एका राजाचे किंवा एका पंडिताचे काम नव्हते. ते पाठशाळांचे, ग्रंथालयांचे आणि वाचकांचे काम होते, आणि आजही आहे.