खेळ पाहण्याचा पडता

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी व्यापाराशी संबंध असलेला एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळींनी सुचविले. गहू, तूर, बाजरी यांच्या तेजीमंदीवर लिहू शकतील असे माझ्याहून जाणते सभासद पुष्कळ आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य पोती मोजण्यात गेले. म्हणून प्रत्येक घरात हल्ली निघणारा, पण हिशेबाच्या वहीत क्वचितच नीट मांडला जाणारा असा एक विषय मी घेतला आहे. "आजोबा, मॅच पाहायला जाऊ या ना," असे नातवंड म्हणते. त्या एका वाक्याचा खर्च किती, आणि तो वर्षानुवर्षे का चढत गेला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पूर्वीची एक नोंद

बडोदे हे क्रिकेटचे गाव. मार्च १९४७ मध्ये येथेच होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, आणि ती २००६ पर्यंत जगात कोणत्याही गड्यासाठी सर्वांत मोठी राहिली. माझे वडील त्या भागीविषयी असे बोलत, की जणू काही ती धावसंख्या आपल्याच पेढीच्या जमेस आहे.

१७ डिसेंबर १९८८ रोजी मोतीबाग मैदानावर न्यूझीलंडशी एक दिवसाचा सामना झाला. दुकान मुनीमजींवर सोपवून वडील व मी सायकलींवरून गेलो. बरोबर दशम्या, लिंबाचे लोणचे आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली होती. त्या दिवशी अझरुद्दीनने अवघ्या ६२ चेंडूंत शतक पुरे केले. त्या काळी एवढ्या थोड्या चेंडूंत असे शतक जगात कोणी केले नव्हते. दिवेलागणीपूर्वी आम्ही घरी परतलो, आणि रात्री वडिलांनी कीर्द लिहिली तेव्हा सामन्याच्या नावे एकच रक्कम पडली : तिकीट. दुसरा खर्चच नव्हता.

तिकीट हा खरेदीभाव, खर्च हा पडता

आपण बाजारात माल घेतो तेव्हा खरेदीच्या भावावर कोणी नफा-तोटा काढीत नाही. आडत, हमाली, तोलाई, बारदान, गाडीभाडे आणि वाटेतली तूट, हे सारे धरून माल दुकानी येऊन पडेपर्यंत जी किंमत बसते तिला आपण पडता म्हणतो. गुजराती बंधू पडतर म्हणतात. सामन्याचे तिकीट हा केवळ खरेदीभाव होय. बहुतेक कुटुंबे तेवढाच पाहून निघतात, आणि परतल्यावर खिसा चाचपतात.

दोन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन मी परगावी एका सायंकाळच्या सामन्याला गेलो. गाव कोणते व मैदान कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. जुन्या सवयीने मी प्रत्येक पैसा टिपला. एकूण खर्च सोळा आणे धरला, तर त्यात तिकिटे सहा आणे निघाली. बाकीचे दहा आणे आगगाडी, रिक्षा, रात्रीचा मुक्काम, तिकीट नोंदणीवरील अधिक आकार आणि आतले खाणेपिणे यांत गेले. चार आण्यांच्या वस्तूला बारा आण्यांचा मसाला, अशी जी म्हण आपण शाकाहारी मंडळी जरा फिरवून वापरतो, ती मला तेथे पटली.

त्यातही आपल्या घरांचा एक वेगळा खर्च असतो. मैदानावर घरचा डबा व पाण्याची बाटली बहुधा आत नेऊ देत नाहीत. आत मिळते त्यातले कांदाबटाटा टाळणाऱ्याला काय चालावे? आणि दिवस-रात्रीचा सामना दुपारी सुरू होऊन रात्री संपतो. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी जे मिळेल ते, मागतील त्या दराने घ्यावे, नाहीतर उपाशी राहावे. मी दुसरा मार्ग पत्करला. नातवाने माझ्याकडे पाहून आपल्या हातातला पुडा खाली ठेवला, आणि "मलाही भूक नाही," म्हणाला. ती खोटी गोष्ट त्या दिवसातली मला सर्वांत महाग वाटली.

भाव का चढतो

पहिले कारण कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावयास नको. माल मर्यादित आणि गिऱ्हाईक अमर्याद. ११ जानेवारी २०२६ रोजी कोटंबी येथील नव्या मैदानावर भारत व न्यूझीलंड यांचा सामना झाला. पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना बडोद्यात डिसेंबर २०१० नंतर प्रथमच होत होता. पंधरा वर्षांची भूक आणि आसने तीस हजारांवर थोडी, अशा स्थितीत भाव स्थिर राहील ही अपेक्षाच चूक. अमदावादच्या मोटेरा येथील मैदानात १,३२,००० माणसे बसतात, तरी तेही अपुरे पडते.

दुसरे कारण तारखेचे. विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना २०२३ साली मोटेऱ्यात १५ ऑक्टोबरला ठरला होता. त्या दिवशी नवरात्राची घटस्थापना असल्याने तो १४ तारखेस आणला गेला. ज्यांनी आधीच खोल्या व गाड्या घेतल्या होत्या त्यांची काय गत झाली असेल, ते सौदा केल्यावर तारीख फिरण्याचा अनुभव असलेल्या माणसास कळेल. त्याच सामन्यासाठी अमदावादेत निवासाचे दर इतके चढले, की काही लोकांनी तपासणीच्या निमित्ताने रुग्णालयात एक रात्र काढण्याची चौकशी केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षी २८ मे रोजी आयपीएलचा अंतिम सामना पावसामुळे होऊ शकला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुरू होऊन मध्यरात्र उलटल्यावर संपला. तिकीट दुसऱ्या दिवशी चालले, पण दुसऱ्या रात्रीचा मुक्काम कोण देणार? कित्येक प्रेक्षक अमदावादच्या रेल्वे स्थानकावर झोपले.

तिसरे कारण कराचे. मान्यताप्राप्त क्रीडासामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्यावर गेले की १८ टक्के लागतो. म्हणजे ५०० चे तिकीट ५०० लाच पडते, पण मूळ दर ६०० झाला की गिऱ्हाइकाला ७०८ मोजावे लागतात. आयपीएलचे तिकीट निराळ्या वर्गात आहे. त्यावर पूर्वी २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हजार रुपयांचे तिकीट पूर्वी १,२८० ला पडे, ते आता १,४०० ला पडते.

चौथे कारण थोडे खोल आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामने ४१० धरले होते, म्हणजे एका सामन्यास सुमारे ११८ कोटी. आता समजा, एक लाख प्रेक्षक आले आणि प्रत्येकाने सरासरी दोन हजार दिले, तर दारावर वीस कोटी जमतील. म्हणजे मैदानावर येणारा माणूस हे आता मुख्य गिऱ्हाईक राहिले नाही. कोणी विचारील, मग तिकीट स्वस्त का होत नाही? कारण असे, की प्रक्षेपणाचे उत्पन्न क्रिकेट मंडळ व सर्व संघ वाटून घेतात, पण दारावरची जमा यजमान संघाची स्वतःची. स्वतःच्या गल्ल्यात पडणारी रक्कम कोण सोडील?

तथापि एक गोष्ट विसरली जाते. २०२० साली आयपीएलचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले, ते आपण घरी पाहिले. खेळ तोच होता, पण गोडी नव्हती. पडद्यावर जो माल विकला जातो त्यात प्रेक्षकांचा जल्लोष हाही एक जिन्नस आहे, आणि तो प्रेक्षक स्वतःच्या पैशाने आणून देतो.

गोल्फच्या बाजारातील दोन पद्धती

ही अडचण केवळ आपली नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, हे बडोदेकरांना ठाऊक आहे. त्या खेळाच्या मोठ्या स्पर्धा पाहण्यासाठी परदेशी माणसे किती मोजतात ते पाहिले, तर व्यापाराच्या दृष्टीने मोठा धडा मिळतो.

अमेरिकेत ऑगस्टा येथे १९३४ पासून 'मास्टर्स' स्पर्धा भरते. तेथील एका दिवसाचे तिकीट २०२५ साली १४० डॉलर होते, ते २०२६ च्या स्पर्धेसाठी १६० झाले. मागणीच्या मानाने हा दर फार कमी आहे, म्हणून तिकिटे सोडतीने देतात. आत गेल्यावर चीजचे सँडविच २०२५ सालीही दीड डॉलरला मिळत होते. म्हणजे तेथे आत आलेल्या गिऱ्हाइकास कोणी नाडीत नाही. परंतु भाव बांधला आणि माल अपुरा असला की काय होते, हे नियंत्रणाचा काळ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. मधला फरक काळ्या बाजारात जातो. ऑगस्टाचे तिकीट फिरवून विकण्यास मनाई असूनही बाहेर ते हजारो डॉलरांस विकले जाते.

दुसरी पद्धत 'रायडर कप'ची. २०२५ साली ही स्पर्धा न्यूयॉर्कजवळ झाली. आयोजकांनी सामन्याच्या दिवसाचा दर सुमारे ७५० डॉलर लावला आणि खाणेपिणे त्यातच धरले. येथे काळ्या बाजाराचा पुष्कळसा नफा आयोजकांनी स्वतःच घेतला. दलालाला मिळाले नाही हे खरे, पण सामान्य कुटुंबालाही मिळाले नाही.

मला तिसरी रीत आवडली. ब्रिटनमधील 'ओपन' स्पर्धेत सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत विनामूल्य प्रवेश असतो. यात धर्मादाय नाही, शुद्ध व्यापार आहे. आज फुकट बसविलेला मुलगा हा पुढील चाळीस वर्षांचा गिऱ्हाईक होय. आपण नाही का, दुकानात आईबरोबर आलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत?

मग करावे काय?

खेळ पाहणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. पुढील गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, तिकिटाआधी पडता काढावा. सारी कलमे कागदावर मांडून, मग 'जाऊ' म्हणावे. मुलांसमोरच मांडावे. हिशेबाचे शिक्षण त्यांना याहून गोड रीतीने मिळणार नाही.

दुसरी, परगावी जाणे असेल तर रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी, आणि पावसाच्या दिवसांत दुसऱ्या रात्रीची तरतूद खर्चात धरावी. काळ्या बाजाराचे तिकीट घेऊ नये. त्यात पैसा जातोच, आणि दारावरून परत फिरावे लागले तर मुलांसमोर मानही जातो.

तिसरी, मोठ्या नावांच्या मागे न लागता चांगला खेळ पाहावा. रणजीचे सामने बहुधा विनामूल्य असतात, दिवसा होतात, आणि सूर्यास्तापूर्वी संपतात. कोटंबीच्या मैदानावर पहिले आंतरराष्ट्रीय सामने डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांचेच झाले, हे आपल्या लेकीसुनांना आवर्जून सांगावे. भारतात २०२५ साली झालेल्या स्त्रियांच्या विश्वचषकाची तिकिटे शंभर रुपयांपासून होती, आणि तो चषक आपल्या मुलींनी जिंकला. तेव्हा स्वस्त तिकिटाने खेळाचा दर्जा उतरतो, हे म्हणणे खरे नव्हे.

चौथी मंडळासाठी. एकट्या माणसाच्या अर्जाला वजन नसते, संस्थेच्या अर्जाला असते. आपल्या शहरात सामना ठरला, की मुलांसाठी सवलतीचा एक विभाग, फुकट पिण्याचे पाणी, खाद्यपदार्थांच्या दरांचा फलक, सूर्यास्तापूर्वी घेता येईल असा साधा आहार, आणि परतीच्या बसगाड्या एवढ्या मागण्या मंडळाने आयोजकांपुढे मांडाव्यात. यात कोणाच्या नफ्याला धक्का नाही.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मी रणजीचा सामना पाहावयास गेलो. डबा घरून खाऊन निघालो, त्यामुळे वहीत रिक्षाभाड्याखेरीज काही पडले नाही. प्रेक्षक विरळ होते. सीमेजवळच्या खेळाडूने नातवाकडे पाहून हात केला, तेव्हा त्या मुलाचा चेहरा मी पाहिला. १९८८ साली माझ्या वडिलांनी माझ्याकडे असेच पाहिले असेल. त्या सामन्याचे तिकीट मला आठवत नाही, वडिलांच्या शेजारची जागा आठवते. ती जागा प्रत्येक घरातल्या मुलाला परवडावी, एवढ्यासाठी हा सारा हिशेब.

— एक घाऊक धान्य व्यापारी, बडोदे