पंपाची बैठक व त्याचा आरंभ

ज्या यंत्राने आपल्या विहिरींवरील मोटेचे स्थान घेतले, त्या केंद्रोत्सारी पंपाविषयी विद्यार्थ्यांकडून आम्हांस नेहमी तीन प्रश्न विचारले जातात. पंप पाणी ओढतो म्हणजे काय करतो? सुरू करण्यापूर्वी त्यातच पाणी का ओतावे लागते? आणि नवा कोरा पंप पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुर का करू लागतो? पालकांच्या दृष्टीने तिसरा प्रश्न सर्वांत महाग आहे. कारण पंप बहुधा कर्जाने घेतलेला असतो, आणि तो बंद पडतो तोही पीक अगदी पाण्यावर आले असता.

पंपाच्या पोटात वक्र पात्यांचा एक पंखा असतो. तो फिरू लागला म्हणजे मधले पाणी कडेकडे फेकले जाते व मध्यभागी दाब कमी होतो. मग विहिरीतील पाण्यावर पडलेला हवेचा भार तेथील पाणी नळातून वर लोटतो. म्हणजे पंप ओढत नाही, हवा ढकलते. पात्यांच्या आकाराचे महत्त्व सन १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात ॲपोल्ड नामक गृहस्थाच्या पंपाने जगास दाखवून दिले. वक्र पात्यांनी शेकडा ६८ शक्ती कामी लावली, तर सरळ पात्यांनी अवघी २४. आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सन १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीस सन १९२६ पासून असे पंप होऊ लागले.

हवेचा भार समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर पाणी तोलून धरतो. आपले मुरूम पठारावर असल्याने येथे त्यात अर्ध्या मीटरच्या आसपास घट येते. नळातील घर्षण वगैरे वजा जाता सहा-सात मीटरांहून खोल पाण्यावर पंप ठेवणे व्यर्थ होय. हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी आहे. म्हणून रिकामा पंप कितीही वेगाने फिरला तरी पाणी चढण्याजोगा दाब उत्पन्न होत नाही, आणि त्याचे पोट आधी पाण्याने भरावे लागते.

आता बैठकीकडे वळू. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेला चौथरा वर्षभर हालतच राहणार. तेव्हा माती काढून कठीण मुरूम लागेपर्यंत खणावे (गावाचे नाव येथे आयतेच उपयोगी पडते) व तेथून काँक्रीटचा चौथरा उचलावा. त्याचे वजन यंत्राच्या वजनाच्या निदान तिप्पट असावे. लोखंडी बैठक त्यावर पाचरींनी उचलून, पाणसळ लावून सपाट करावी, खालची पोकळी सिमेंटने भरून काढावी, आणि ते पुरते घट्ट झाल्यावाचून बोल्ट आवळू नयेत. घाई येथेच होते व येथेच नडते.

शेतावरील लहान पंपांत बहुधा पंप व मोटर यांचा दांडा एकच असतो. तेथे पुढचे काम कारखान्यातच झालेले असते. परंतु मोठ्या पंपांत, जसे ते साखर कारखान्यांत रस व पाणी खेळविण्यास लागतात, दोन दांडे कपलिंगने जोडतात. हे दोन्ही दांडे एका रेषेत आणणे हेच या विद्येचे मर्म होय. चूक दोन प्रकारची संभवते. एक दांडा दुसऱ्याहून वर, खाली वा बाजूस सरकलेला असतो, किंवा दोहोंमध्ये कोन पडलेला असतो. पहिली चूक कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर सरळ पट्टी ठेवून दिसते. दुसरीसाठी चकत्यांमधील फट चारही बाजूंस पातळ पात्यांच्या गेजने मोजावी. ती सर्वत्र सारखी भरली पाहिजे. मोटरच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे घालून दोष काढीत जावे. तत्पूर्वी चारही पाय बैठकीवर सारखे टेकतात की नाही हे पाहावे. एक पाय अधांतरी असला तर बोल्ट आवळताच सारे मोजमाप बिघडते. पट्टीने न दिसणारा दोष घड्याळी गेजने दिसतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक क्षुल्लक वाटेल; परंतु मिनिटास १,४५० फेरे घेणाऱ्या दांड्यास ती प्रत्येक फेऱ्यात वाकविते, आणि त्याचा भुर्दंड बेअरिंगला पडतो. गरम रसाच्या पंपात आणखी एक पेच आहे. साठ अंशांनी तापमान वाढले की चाळीस सेंटिमीटर उंचीचे लोखंड सुमारे पाव मिलिमीटर वाढते. म्हणून यंत्र तापल्यावर पुन्हा मोजावे.

नळ पंपाकडे आणावा, पंप नळाकडे ओढू नये. तोंडे जुळत नाहीत म्हणून बोल्टांच्या जोराने ती जुळविणारा कारागीर आपलीच मेहनत मोडीत काढतो. पाणी घेणारा नळ पंपाकडे किंचित चढता असावा. मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा दडून बसते.

सुरू करण्यापूर्वी कपलिंग सुटे ठेवून मोटर क्षणभर फिरवावी व दिशा पंपावरील बाणाशी ताडून पाहावी. तीन तारांच्या विजेत दोन तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. आणि उलटा पंप थोडेसे पाणी देतोही, त्यामुळे चूक लपून राहते. मग वीज तोडून कपलिंग जोडावे, त्यावर झाकण बसवावे. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर फिरत्या दांड्यात सापडला तर सोडविण्यास वेळ मिळत नाही. येथे आम्ही पालकांस विशेष आग्रह करितो. पंप पाण्याने भरावा, हवा जाऊ द्यावी, बाहेरचा व्हॉल्व्ह मिटून मोटर लावावी. अशा पंपास मिटल्या तोंडी शक्ती सर्वांत कमी लागते. वेग येताच व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. तो फार वेळ मिटलेला राहिला तर आतील पाणी तापू लागते. दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी ठिबकत राहू द्यावे, कारण त्यानेच दांडा थंड राहतो. ठिबक थांबविण्यासाठी ती कचकचून आवळणारे दांड्यास खाच पाडून घेतात.

बंद करताना क्रम उलटा: आधी व्हॉल्व्ह, नंतर वीज. पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा आवळून कपलिंगची फट पुन्हा मोजावी. सिमेंट व लोखंड या दोहोंस एकमेकांची सवय व्हावयास तेवढे दिवस लागतातच.