पदाआधीचे वाक्य

नाटकात गाणे कशाला, हा प्रश्न मराठी माणसाला फारसा कधी पडला नाही. लग्नात वाजंत्री कशाला, असे कोणी विचारते का? परंतु गाणाऱ्याला अभिनय शिकवायचा कसा, हा प्रश्न मात्र आपल्या संगीत रंगभूमीच्या जन्माबरोबरच जन्मला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि गळा असलेल्या माणसाला नाटक मंडळीत मानाचे पान मिळाले. पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि त्यांच्या आवाजावर महाराष्ट्र लुब्ध झाला. आवाज देवाघरून येतो. पण दुष्यंतासमोर उभे कसे राहावे, हे काही देव शिकवीत नाही. त्यासाठी तालीममास्तर लागतो.

असा तालीममास्तर मराठीला लाभला तो गोविंद बल्लाळ देवल यांच्या रूपाने. देवल आधी बेळगावला शिक्षक होते, मग नट झाले आणि मग नाटककार व तालीममास्तर म्हणून गाजले. स्वतः तोंडाला रंग लावून प्रेक्षकांसमोर उभे राहिल्यामुळे नटाची अडचण त्यांना बाहेरून नव्हे, आतून ठाऊक होती. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस या दोघांनाही त्यांची तालीम मिळाली. एक गाण्याने गाजला, दुसरा गद्याने. पण शिस्त एकाच हातची.

देवलांचे मर्म मला सापडते ते ‘संशयकल्लोळ’मध्ये. हे नाटक मुळात गद्य. पदे घालून त्याचे संगीत नाटक झाले ते पुढे, १९१६ साली. याचा अर्थ असा, की येथे संवाद थोरला आणि पद धाकटे. बोलणे पुरेनासे झाले की माणूस गाऊ लागतो. म्हणून पद कसे म्हणायचे हे पदात शोधू नये, ते पदाआधीच्या वाक्यात शोधावे. गवय्याला नट करण्याची सारी विद्या या एका गोष्टीत आहे, असे मला वाटते.

ही विद्या अवघड का, हे बैठकीचे गाणे ऐकणाऱ्याला सहज कळेल. बैठकीत गवई श्रोत्यांकडे तोंड करून बसतो, एकच ओळ पुन्हापुन्हा नव्याने सजवतो, आणि तेथे घड्याळ थांबलेले असते. नाटकात समोर रुसलेली रेवती उभी असते, घड्याळ चालू असते, आणि प्रत्येक ओळीनंतर काहीतरी बदलावे लागते. त्यात भर ‘वन्स मोअर’ची! तिसऱ्यांदा पद म्हणून झाले, की अश्विनशेठ केव्हाच निघून गेलेला असतो आणि उरतो तो केवळ गायक. गेलेल्या अश्विनशेठला पुढच्या वाक्यासाठी परत बोलावणे, हे तानेपेक्षा कठीण काम!

ही अडचण केवळ आपलीच, असे मात्र समजू नये. रशियातील थोर नट स्तानिस्लावस्की यांना १९१८ साली मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहाने गायकांना अभिनय शिकवण्यासाठी पाचारण केले. त्यांनी ऑपेराच्या तरुण गायकांसाठी शाळाच काढली आणि १९२२ साली त्यांच्याकडून चायकोव्हस्कीचा ‘यवगेनी अनेगिन’ बसवून घेतला. १९२८ मध्ये रंगमंचावर असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि नट म्हणून त्यांची कारकीर्द संपली; पण शिकवणे संपले नाही. १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ते शिकवीत होते. रंगमंच सुटला, की नटाजवळ देण्यासारखे काय उरते, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

आपल्याकडे नाटक मंडळ्या मोडल्या, बिऱ्हाडे उठली, तशी रोजची तालीमही उठली. तरी काही घरांनी ती जपली. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली. बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर वावरलेल्या जयमालाबाईंनी आपल्या मुलींना गाणे आणि भूमिका यांची वेगळी खाती उघडू दिली नाहीत. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आले तेव्हा दिग्दर्शक होते मास्टर दत्ताराम, म्हणजे पुन्हा एक मुरलेला नटच. जितेंद्र अभिषेकींनी चाली आटोपशीर बांधल्या, आणि पद हे प्रसंगाच्या अंगाला बसले.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे आमचे पिंपरी-चिंचवड. मोरया गोसावींचे हे गाव कारखान्यांचे शहर झाले, तरी गाण्याची हौस येथे भोंग्याने बुजली नाही. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीला अत्रे रंगमंदिर आहे. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन आमच्याच अंगणात झाले. नाट्यगीतांच्या स्पर्धांना मुलामुलींची रीघ लागते. गळे तयार आहेत. नाही तो तालीममास्तर.

आमच्या महाविद्यालयात बी. ए. करणारा एक मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर काम करतो. स्पर्धेसाठी त्याने अश्विनशेठचे एक पद बसवले होते. आवाज असा, की ऐकत राहावे. मी विचारले, “हे तू कोणाला म्हणतोस?” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “परीक्षकांना, मॅडम.” मी हसले नाही. ध्वनिमुद्रिकेवरून पद शिकलेल्या मुलाला दुसरे कोण दिसणार? मी त्याला सबंध नाटक वाचायला दिले. पद आधी नुसते बोलून दाखव, म्हटले. आणि त्याच्या आधीचे वाक्य पाठ कर. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने नाटक वाचले. पंधरवड्याने तो पुन्हा गायला, तेव्हा एक लांबलचक तान त्याने आपण होऊन गाळली होती. “तिला उत्तर द्यायचे असताना एवढा वेळ कसा घेऊ?” असे म्हणाला.

मी मराठीची शिक्षिका. वाक्याचा अर्थ मला सांगता येतो. पण ते बोलताना पाऊल कोठे पडावे, समेवर येताना नजर कोठे असावी, टाळी पडली असता भूमिकेत कसे टिकावे, हे पुस्तकातून सांगता येत नाही. ते रंगमंचावर उभे राहिलेल्या माणसानेच सांगावे. जयमालाबाई २०१३ साली गेल्या, कीर्ती शिलेदार २०२२ साली. ज्यांनी भूमिका केल्या, तालमी सोसल्या, असे कलावंत आपल्या गावांतून अजून आहेत. संमेलनात त्यांना शाल-श्रीफळ आपण अगत्याने देतो. त्याबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, एक पेटी आणि दहा मुले त्यांना दिली तर? मुलांना रेवती भेटेल, आणि त्या जुन्या नटाला पुन्हा प्रवेश मिळेल.